खोडायचा आकडा

मारबती जळून गेल्या त्याच आठवड्यात
मालकांनी यादी दिली.
बर्डीच्या मेन रोडवर, दुकानाच्या पोटमाळ्यावर
मी, टॅगची बंदूक
आणि गठ्ठ्यांत साडेतीनशे साड्या.
यादीत दोन रकाने:
एक खोडायचा, एक ठेवायचा.

आधी खोडायचा लिहायचा.
दोन हजार चारशे नव्व्याण्णव.
शाई नीट वाळू द्यायची,
म्हणजे तो भाव कधीतरी खरा होता असं वाटतं.
मग लाल रेघ.

एक दिवस जगला नाही हा आकडा.
त्या भावात कोणी विकलं नाही, कोणी घेतलं नाही.
त्याचं बारसं आणि तेरवी
एकाच टेबलावर, माझ्याच हातून,
पंख्याच्या गरम वाऱ्यात.

सगळंच खोटं होतं, असंही नाही.
शोकेसमधली मोरपंखी खरंच निम्म्यावर आली होती.
एप्रिल, मे तिनं काचेतून ऊन खाल्लं,
घडीच्या कडेनं रंग उडून पट्टा पडला.
तिच्यावर मी नुसतं सातशे लिहिलं,
वर काहीच खोडलं नाही.
नऊ दिवसांत तिला एकीनंही हात लावला नाही.
मालक म्हणाले, राहू द्या,
दिवाळीत कामाच्या बायांना देऊन टाकू.

तिसऱ्या माळेला हेडाऊकाका आले, पाचपावलीचे.
चाळीस वर्षं मागावर बसलेले;
माग भंगारात गेला, बोटं राहिली.
बाया एकमेकींच्या हातून साड्या ओढत होत्या,
हे एका कोपऱ्यात उभे,
चष्मा खिशातच.
पदर चिमटीत धरला, अंगठा फिरवला,
आंधळ्यानं नाणं ओळखावं तसा.
"सहाशे," म्हणाले.
"वरून तुह्या मालकाचं भाडं, लाईट, चहापाणी.
धर साडेसातशे."

खरेदीच्या वहीत सहाशे दहा आहे.
मी वही पाहिली आहे.
मी टॅगकडे पाहिलं:
रेघेखाली दोन हजार चारशे नव्व्याण्णव,
शेजारी, जिवंत, बाराशे नव्व्याण्णव.

वाटलं, आता ठेवून देतील.
त्यांनी धोतराच्या कनवटीतून नोटा काढल्या,
थुंकी लावून दोनदा मोजल्या.
मी कात्री उचलली.

"टॅग काढू नको, पोरी.
सूनबाई कापड नाई पाहत, ते लाल रेघ पाहते.
म्हणन, बुढ्यानं बाराशे वाचवले."

"पण काका, तुम्हाला तर कळलं..."

"मले म्हाईत हाय. तुले म्हाईत हाय.
तिले काहून सांगाचं?"

एक रुपया परत द्यायचा होता.
सुटा नव्हता. गोळी दिली.
ती त्यांनी तिथंच तोंडात टाकली
आणि गर्दीत शिरले, पिशवी छातीशी धरून,
जिंकल्यासारखे का हरल्यासारखे,
पाठीवरून कळेना.

रात्री बुधवार बाजारात सांभार घेतला.
जुडी चाळीस, म्हणाली. मी वीस म्हटलं.
पंचवीसला दिली, वर चार मिरच्या.
चाळीस तिनं पंचवीससाठीच म्हटले होते;
तोही खोडायचाच आकडा.
पण तो तिनं तोंडानं उच्चारला,
माझ्या डोळ्यांत बघून,
आणि मागे घेताना हसली.

लाल शाई तिच्याकडे कुठंच नव्हती.
माझ्या बोटांना होती, साबणानं न जाणारी.
कणीक मळताना पोरानं विचारलं,
"कापलं का गं?"

नाही रे, म्हटलं.
सेल चालू आहे.